उशाशी काय असावे?

दिवेलागण झाली की जुन्या घरातील निजण्याच्या खोलीत तीन वस्तू आपापल्या जागी आहेत ना, याकडे घरातील वडीलधाऱ्या बाईचे लक्ष असे. भिंतीतील दिवळीत तेलाचा दिवा, पलंगाच्या उशाकडील तिवईवर पाण्याचा तांब्या आणि त्यावर पालथे घातलेले फुलपात्र, आणि फणेरपेटीच्या झाकणात बसविलेली वीतभर आरशी. यांपैकी एकही वस्तू शोभेसाठी ठेवलेली नसे. रात्री मूल रडले, वृद्धाला तहान लागली, किंवा पहाटे अंधारात केस नीट करून बाईला कामाला लागायचे असले, म्हणजे या तिन्ही वस्तूंची आठवण होई.

काळ पालटला, घरे पालटली, तरी आरसा, तिवई आणि दिवा ही त्रयी पलंगापासून हटलेली नाही. आज ती दुकानात एकत्र जोडीने मिळते, आणि घेणारा तिचा रंग, लाकूड आणि किंमत पाहून ती घरी आणतो. मग आरसा उंच लागतो, तिवई बुटकी पडते, दिव्याचा झोत थेट डोळ्यांत शिरतो, आणि चूक नेमकी कोठे झाली हे उमगत नाही. या वस्तूंचा इतिहास चाळला, तर तिचा उलगडा होतो. त्यांचे प्रमाण मुळात त्यांच्या अंगचे नसतेच. निजलेल्या माणसाचा हात कोठवर पोचतो आणि दिव्याचा उजेड कोठवर पोचतो, या दोन गोष्टींनी ते ठरत आले आहे. ज्या ज्या वेळी या दोन मापांचा विसर पडून मान, संपत्ती किंवा फॅशन यांना माप मानले गेले, त्या त्या वेळी खोली देखणी झाली, पण निजणाऱ्याची सोय मात्र गेली.

भारतीय वाङ्मयात निजण्याच्या खोलीचे सर्वांत बारकाईचे वर्णन वात्स्यायनाच्या कामसूत्रात सापडते. हा ग्रंथ सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातील मानला जातो. त्यातील सुखवस्तू नागरकाच्या खोलीत मऊ, मध्यभागी किंचित खोलगट, दोन्ही टोकांना उशा असलेली आणि पांढऱ्याशुभ्र चादरीची शय्या आहे. तिच्या उशाकडे देवतेसाठी एक स्थान आहे आणि एक वेदिका आहे. या वेदिकेवर रात्री वापरून उरलेली उटी, फुलांची माळ, मेणाची डबी, सुगंधी द्रव्याची पुडी, महाळुंगाची साल आणि विडे ठेवावेत, असे ग्रंथकार सांगतो. पिकदाणी मात्र वेदिकेवर ठेवायची नाही; तिची जागा खाली जमिनीवर. वीणा हस्तिदंती खुंटीला टांगलेली, आणि चित्रफलक, कुंचल्यांची पेटी व एखादे पुस्तकही जवळच.

वस्तूंच्या या यादीत एक विचार आहे. मुखशुद्धीची सामग्री हाताशी, कारण ती रात्री आणि पहाटे लागते. मळाचे पात्र खाली, कारण ते दृष्टीआड असावे. वीणा भिंतीवर, कारण ती उठल्यावर घ्यायची. हात, दृष्टी आणि पाऊल या तिन्हींना वेगवेगळी उंची नेमून दिलेली आहे. पलंगाजवळची तिवई आधुनिक युरोपातून आली, असे मानणाऱ्यांनी ही वेदिका अवश्य आठवावी. आरशाचा उल्लेख वात्स्यायन या वेदिकेजवळ करीत नाही. नागरकाच्या प्रातर्विधीत तो येतो. नागरक अंगाला माफक उटी लावतो, धूप घेतो, माळ घालतो, ओठांना मेण व अळिता लावतो, आणि मग आरशात मुख पाहून विडा घेऊन कामाला लागतो. आरसा त्या काळी दिवसाच्या उजेडाचा सोबती होता. रात्रीच्या खोलीत त्याचे काम फारसे नव्हते, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

प्रमाणाचा प्रश्न हाती घेतला तो वराहमिहिराने. उज्जयिनीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या सहाव्या शतकातील या ज्योतिर्विदाने आपल्या बृहत्संहितेत शय्या आणि आसने यांच्यासाठी स्वतंत्र अध्याय राखून ठेवला आहे. पलंगाला कोणते लाकूड चालते हे तो सांगतो. साग, शिसव, साल, देवदार, चंदन ही नावे त्यात आहेत. विजेने, पुराने, वाऱ्याने किंवा हत्तीने पाडलेल्या आणि ज्यावर पाखरांची घरटी व मधमाश्यांची पोळी आहेत अशा झाडांचे लाकूड तो वर्ज्य ठरवितो. त्यानंतर तो मापाकडे वळतो. टरफल काढलेले आठ जव पोटाला पोट लावून ठेवले की एक अंगुळ होते. राजाची शय्या शंभर अंगुळे लांब, राजपुत्राची नव्वद, मंत्र्याची ८४, सेनापतीची ७८ आणि पुरोहिताची ७२. रुंदी म्हणजे लांबीच्या निम्म्यातून त्या निम्म्याचा अष्टमांश वजा केलेली, आणि पायांची उंची लांबीच्या तृतीयांशाइतकी.

२४ अंगुळांचा एक हात आणि हात म्हणजे सुमारे दीड फूट असे धरले, तर राजाची शय्या सव्वासहा फूट लांब, पावणेतीन फुटांच्या आसपास रुंद आणि दोन फुटांहून किंचित उंच होते. आजच्या एका माणसाच्या पलंगाशी हे माप चांगलेच जुळते. पण याच हिशोबाने पुरोहिताची शय्या साडेचार फूट भरते! पुरोहिताचे पाय राजाच्या पायांहून आखूड असतात, असे काही निसर्गाने ठरविलेले नाही. प्रमाणाचे सूत्र शास्त्रशुद्ध आहे, पण त्याचा आरंभबिंदू देह नसून दर्जा आहे. पलंगाची उंची दर्जाप्रमाणे बदलली की शेजारच्या तिवईची उंचीही बदलावीच लागते, कारण तिवई पलंगाच्या पातळीहून फार उंच किंवा फार खाली असेल, तर निजलेल्याचा हात तिच्यावरील वस्तूपर्यंत पोचत नाही. राजाच्या उशाशी शोभणारी दोन फुटी तिवई पुरोहिताच्या दीड फुटी शय्येजवळ नेली, तर तांब्या त्याच्या डोक्याच्याही वर जाईल.

आता आरशाकडे वळू. काचेचा आरसा येण्यापूर्वी हजारो वर्षे आरसा धातूचा होता. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत तांब्या-काशाचे मूठ असलेले गोल आरसे मिळाले आहेत. केरळातील आरन्मुळा येथे काशाच्या जातीच्या मिश्रधातूचा आरसा घासूनपुसून तयार करण्याची कला आजही जिवंत आहे. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात बाराव्या शतकातील शिल्पकाराने कोरलेली दर्पणसुंदरी पाहिली म्हणजे त्या काळचा आरसा केवढा होता, हे कळते. तो तिच्या एका हातात सहज मावतो. एवढ्या लहान आरशात पुरेसे दिसे काय? दिसे, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. सपाट आरशात स्वतःची जेवढी प्रतिमा पाहायची, तिच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो. पाहणारा जवळ आला किंवा दूर गेला, तरी हे प्रमाण बदलत नाही. चेहरा वीतभर असेल, तर अर्ध्या विताची आरशी त्याला पुरी पडते. वीतभर आरशीत गळ्यातील मंगळसूत्रही दिसते. आजीच्या फणेरपेटीतील आरशी लहान होती ती केवळ गरिबीमुळे, असे नव्हे. कामाला जेवढी हवी, तेवढीच ती होती.

आरसा आणि तिवई यांचे नाते किती जुने आहे, याचा एक विलक्षण पुरावा इटलीत मिळाला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती सुमारे वीतभर उंच असून अलंकारांनी मढलेली आहे, आणि तिच्या मस्तकात वरून एक भोक पाडलेले आहे. प्रथम विद्वानांना वाटले की, ही आरशाची मूठ असावी; भोकात आरशाचा दांडा बसत असेल. पुढे काहींनी असे मत मांडले की, ही एखाद्या लहान तिवईचा पाय असावी, आणि भोकात वरच्या फळीचा खिळा बसत असेल. वाद अजून पुरता मिटलेला नाही. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, या मूर्तीशी निकटचे साम्य असणाऱ्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर या प्राचीन व्यापारी नगरांत मिळाल्या आहेत. ही वस्तू आरशाची मूठ असो वा तिवईचा पाय, सातवाहनकाळातील दक्षिणेची अशी कारागिरी रोमन गृहिणीच्या घरापर्यंत पोचली होती, एवढे निश्चित. तिचे माप दोन्ही अर्थांनी हाताच्या पंजाचे आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु हा आरसा रात्री निरुपयोगी का होता? त्याचे उत्तर दिव्यात आहे. वातीच्या एका ज्योतीचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. एक हातावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथाई दोन हातांवर पडतो आणि नवमांश तीन हातांवर. त्यात धातूचा आरसा आलेल्या उजेडाचा मोठा वाटा गिळून टाकी. म्हणून रात्री आरशात पाहायचे, तर दिवा, चेहरा आणि आरसा तिन्ही एका हाताच्या आत आणावे लागत, आणि ज्योत इतकी जवळ आणणे केसांना आणि वस्त्रांना धोक्याचे होते. दिवळीची योजना या धोक्यातूनच निघाली. भिंतीच्या पोटात असल्यामुळे ज्योतीला वारा लागत नाही, दिवा कलंडून अंथरुणावर पडत नाही, आणि आतून चुन्याने पांढरी केलेली दिवळी उजेड मागे वाया जाऊ न देता खोलीत परतविते. उभ्या माणसाचा हात सहज पोचेल आणि रांगत्या मुलाचा पोचणार नाही, अशा बेताने तिची उंची धरलेली असे. गोव्यातील घरांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे बसवून दिवसाचा उजेड मवाळ करून घेण्याची रीत होती. उजेड कोठून यावा, किती यावा आणि कसा यावा, याचा विचार साध्या गवंड्यालाही होता, याची ही दोन उदाहरणे पुरेत.

या व्यवस्थेला पहिला धक्का व्हेनिसने दिला. आगीच्या भीतीने १२९१ साली त्या नगरातील काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविण्यात आल्या होत्या. पंधराव्या शतकात तेथे स्फटिकासारखी निर्मळ काच तयार होऊ लागली, आणि सोळाव्या शतकात तिच्यामागे कथिल व पाऱ्याचा लेप देऊन आरसे करण्याची विद्या पूर्णत्वाला पोचली. असा आरसा धातूच्या आरशापेक्षा कितीतरी उजळ होता. पण काच फुंकून बनवायची असल्यामुळे तिच्या आकाराला मर्यादा होती, आणि किंमत तर सामान्यांच्या आवाक्यापलीकडची. ही मक्तेदारी मोडण्यासाठी फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली राजाश्रयाचा आरशांचा कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फोडून आणले. व्हर्साय येथील राजवाड्यात १६७८ ते १६८४ या काळात उभारलेला आरसेमहाल हे त्याचे फलित होय. सतरा खिडक्यांसमोर सतरा कमानी, आणि त्यांत मिळून ३५७ आरसे! एकेक कमान अनेक तुकड्यांनी भरलेली आहे, कारण एवढी मोठी एकसंध काच तेव्हा मिळत नव्हती. वितळलेली काच मेजावर ओतून मोठा पत्रा करण्याची रीत त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये निघाली, आणि मगच आरसा माणसाच्या उंचीचा होऊ लागला.

येथे आरशाचे काम बदलले. तो चेहरा पाहण्याचे साधन उरला नाही. उजेड दुप्पट करण्याचे यंत्र झाला. मेणबत्तीच्या पाठीशी आरसा ठेवला की समोरून दोन ज्योती दिसतात आणि खोलीत जवळजवळ दोन ज्योतींचा उजेड पडतो. हे रहस्य भारतालाही ठाऊक होते. आमेरच्या किल्ल्यातील सतराव्या शतकातील शीशमहालात भिंगांच्या असंख्य तुकड्यांतून एका दिव्याचे तारांगण होते. पुण्याच्या शनिवारवाड्यातही आरसेमहाल होता. १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर तोही गेला. अशा महालांत आरसा, दिवा आणि बैठक यांचे नाते पुन्हा एकदा जुळले, पण ते दरबाराचे नाते होते. शयनगृहात त्याचे अनुकरण झाले, तेव्हा निजणाऱ्याच्या वाट्याला उजेडाबरोबर झगमगाटही आला.

या झगमगाटाची किंमत कोणी दिली, हे इतिहासाने विसरू नये. आरसा करताना कथिलाचा पातळ पत्रा मेजावर अंथरून त्यावर पारा ओतीत, वर काच सरकवीत, तिच्यावर वजने ठेवीत, आणि जादा पारा निथळावा म्हणून ती दिवसेंदिवस तिरपी ठेवीत. या सर्व काळात पाऱ्याची वाफ कारागिराच्या श्वासात जात असे. बव्हेरियातील फ्यूर्थ हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल याने १८६१ साली तेथील आणि शेजारच्या एर्लांगेनच्या आरसेकारांच्या दुखण्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. थरथरणारे हात, सुजलेल्या हिरड्या, पडलेले दात, आणि अनोळखी माणसासमोर येणारा विलक्षण भित्रेपणा ही त्या रोगाची लक्षणे होत. ज्या हातांनी दुसऱ्यांना त्यांचे मुख दाखविले, त्या हातांना स्वतःचा घास तोंडाशी नेणे कठीण झाले होते. सुदैवाने रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख याने १८३५ साली काचेवर चांदीचा अतिशय पातळ थर बसविण्याची रासायनिक क्रिया शोधून काढली होती. धंद्याने ती उचलण्यास काही दशके घेतली, पण शतकाच्या अखेरीस चांदीच्या आरशाने पाऱ्याच्या आरशाला मागे सारले. मोठा आरसा सामान्य घरात आला, तो या शोधामुळे.

तिवईची कथा याहून निराळी आणि काहीशी विनोदी आहे. अठराव्या शतकातील फ्रान्स-इंग्लंडमध्ये पलंगाशेजारी जे बंद कपाटासारखे मेज आले, ते पुस्तक किंवा दिवा ठेवण्यासाठी नव्हते. रात्री लघुशंकेसाठी लागणारे भांडे झाकून ठेवण्याची ती जागा होती. त्याला दार असे ते भांडे दिसू नये म्हणून. वरचा भाग पुष्कळदा संगमरवराचा असे, कारण तो डाग न राहता पुसून निघतो. वात्स्यायनाने पिकदाणी जमिनीवर ठेवून वेदिका स्वच्छ राखली होती. युरोपने ती दोन्ही कामे एकाच मेजात कोंबली. पुढे एकोणिसाव्या शतकात मोठ्या शहरांत भुयारी गटारे झाली, घरात नळ आले, आणि भांडे हद्दपार झाले. मेज मात्र राहिले. दार राहिले, खण राहिला, संगमरवरही राहिला. फक्त आतले प्रयोजन गेले. आज दुकानात दिसणाऱ्या तिवईला खाली बंद खण का असतो, असे विचारले तर सुताराला उत्तर देता येत नाही. उत्तर इतिहासात आहे.

रिकाम्या झालेल्या या मेजावर दिवा चढला. हे शक्य झाले ते दिवाच बदलल्यामुळे. स्विस शास्त्रज्ञ आर्गां याने १७८० साली पोकळ गोल वात आणि काचेची चिमणी यांचा दिवा बनविला; त्याची ज्योत स्थिर आणि कितीतरी प्रखर होती. १८५३ साली ल्वीव येथील औषधविक्रेता इग्नात्सी लुकासिएविच याने खनिज तेल शुद्ध करून त्यावर जळणारा दिवा तयार केला, आणि त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री तेथील रुग्णालयात या दिव्याच्या उजेडात एका रोग्यावर शस्त्रक्रिया झाली. रॉकेलच्या दिव्याच्या इतिहासातील पहिली मोठी कामगिरी रोग्याच्या उशाशी झाली, ही घटना लक्षणीय आहे. पुढे हेच तेल चिमणी आणि कंदील यांच्या रूपाने भारतातील खेड्यापाड्यांत पोचले. दिवळीतील दिवा भिंत सोडून हातात आला, आणि हातातून तिवईवर.

याच सुमारास उशाशेजारच्या मापाचा खरा कायदा एका स्त्रीने लिहून ठेवला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे शुश्रूषेवरील टिपणांचे पुस्तक १८५९ साली निघाले. त्या काळी इंग्रजी घरांतील पलंग उंचच उंच असत. तिने त्यांच्यावर कठोर टीका केली. रोग्याचा पलंग बसण्याच्या कोचाहून उंच असू नये, कारण उंच पलंगावरून रोग्याला उतरता-चढता येत नाही आणि स्वतःच्या हाताने काहीच घेता येत नाही. पलंग खोलीतील सर्वांत उजेडाच्या जागी असावा, आणि रोग्याला खिडकीबाहेर दिसावे, असा तिचा आग्रह होता. वराहमिहिराने राजाच्या दर्जाने मोजलेला पलंग नाइटिंगेलने रोग्याच्या हाताने मोजला. तेराशे वर्षांच्या या प्रवासात प्रमाणाचा आरंभबिंदू बदलला. तिवई, दिवा आणि आरसा यांपैकी कोणत्याही वस्तूविषयी यापेक्षा मोठे सूत्र अद्याप कोणी सांगितलेले नाही.

विजेचा दिवा आला, तेव्हा ज्योतीचे भय संपले. १८७९ साली एडिसनचा दिवा यशस्वी झाला, आणि तत्पूर्वी इंग्लंडात स्वॉनचे प्रयोग झाले होते. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंदे यांनी १८७४ साली बांधलेल्या जयविलास महालातील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टन वजनाची आहेत, आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढविले होते, असे सांगतात. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा सयाजीरावांच्या काळात १८९० साली पुरा झाला. या वैभवशाली वास्तूंकडे पाहून मराठी सुखवस्तू घरांनीही आपल्या खोल्यांत हंड्या, झुंबरे आणि माणसाएवढे ऐने आणले. पण झुंबर हे दरबाराचे दान आहे. ते वरून उजेड टाकते. निजलेल्याच्या डोळ्यांत तो थेट पडतो, आणि आरशासमोर उभ्या राहणाऱ्याच्या भुवयांखाली नि हनुवटीखाली सावली पाडतो. शिवाय हैदराबादजवळ सिकंदराबाद येथे १८९७ साली रोनाल्ड रॉस याने हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात दाखवून दिल्यावर मच्छरदाणी ही शास्त्रसिद्ध गरज ठरली, आणि मच्छरदाणीच्या जाळीतून हात बाहेर काढताच दिवा सापडला पाहिजे, हीही गरज तिच्याबरोबर आली. वरचे झुंबर येथे काय कामाचे?

या सर्व इतिहासाचे सार आजच्या घराला लावावयाचे, तर ते फार थोडक्यात सांगता येते. तिवईचा पृष्ठभाग गादीच्या पातळीला असावा. दोन-तीन बोटे वर-खाली चालेल, त्याहून अधिक नको. ती एवढी रुंद असावी की तांब्या, चष्मा, औषध आणि पुस्तक ठेवूनही दिव्याला धक्का लागू नये. दिव्याच्या छत्रीची खालची कड पलंगाला टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला असावी. दोन फूट उंचीच्या पलंगावर ही पातळी जमिनीपासून साधारण पावणेचार ते चार फुटांवर येते. कड याहून वर गेली, तर दिवा डोळ्यांत खुपतो. खाली आली, तर पुस्तकावर उजेड पुरत नाही. पूर्ण देह पाहण्याच्या आरशाला माणसाच्या निम्मी उंची पुरते. साडेपाच फुटी माणसाला पावणेतीन फुटांचा आरसा, आणि त्याची वरची कड डोळे व डोक्याचा माथा यांच्या मध्यावर. घरात उंच-ठेंगणी माणसे अनेक असतील, तर वर-खाली थोडी भर घालावी. उजेड आरशावर पडून उपयोग नाही; तो चेहऱ्यावर पडला पाहिजे, आणि म्हणून दिवे आरशाच्या दोन बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर हवेत. निजलेल्याच्या डोळ्यांत दिव्याचे प्रतिबिंब पडेल अशा जागी आरसा लावू नये.

आणखी एक गोष्ट अलीकडच्या विज्ञानाने जोडली आहे. माणसाच्या डोळ्यात निळसर उजेडाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत, आणि त्या शरीराला दिवस असल्याची सूचना देतात. निळ्या प्रकाशकणिकेच्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि तिच्यामुळे पांढरा, स्वस्त दिवा घरोघर पोचला. पण रात्री उशाशी तोच पांढराशुभ्र दिवा झोपेचा वैरी ठरू शकतो. दिवळीतील तेलाच्या ज्योतीचा तांबूस, मंद उजेड निद्रेला अनुकूल होता. दुकानातही आता पिवळसर दिवा मागून घेता येतो.

जुन्या वाड्यांतील दिवळ्या आता बहुतेक बुजल्या आहेत. एखाद्या वाड्यात ती उरलेली असली, तर तिच्या माथ्यावरची काजळी धुऊनही पुरती जात नाही. तिच्यातील दिव्याजवळ कोणी पुस्तक वाचले, कोणी तान्ह्याचे कपाळ चाचपून ताप पाहिला, कोणी पहाटे वीतभर आरशीत कुंकवाची चिरी नीट केली. आणि जिच्या कपाळावरचे कुंकू रूढीने पुसले होते, अशा एखाद्या सुनेने ती आरशी मुकाट्याने पालथी ठेवली. त्या सर्वांना दिवा, आरसा आणि पाण्याचा तांब्या हाताशी हवा होता. उशाशी काय असावे, याचे उत्तर आजही तेच आहे. घरातील सर्वांत अशक्त माणसाने अंधारात हात लांब केला असता जे त्याला सापडेल, ते उशाशी असावे. बाकीचे सारे दिवाणखान्यात शोभते.